मूळ संहितेतून मजकूर-संपादक : संगणकावरील मराठी नोंदींसाठी एक पाठ

महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांची सीमा नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच जाते. सुरत–भुसावळ मार्गावरील या स्थानकाचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यात, तर उरलेला गुजरातच्या तापी जिल्ह्यात मोडतो. १ मे १९६० रोजी दोन्ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हापासून एकाच फलाटावर दोन राज्यांच्या भाषा नांदत आल्या आहेत. बाजारपेठेत मराठी व गुजराती, कचेरीत मराठी, पत्रव्यवहारात हिंदी व इंग्रजी आणि खेड्यापाड्यांत मावचीसारखी भिल्ली कुळातील बोली, असा येथील भाषाव्यवहार आहे. नवापूर तालुका पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा तो नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे येथील ग्रामसभेच्या ठरावांना विशेष महत्त्व आहे.

हे ठराव, शाळेची पटनोंदणी, गावाच्या पाण्याचा हिशेब आणि शिक्षकांनी गोळा केलेले बोलीतील शब्द आज बहुधा संगणकावर लिहिले जातात. कागदावरची नोंद पन्नास वर्षांनीही वाचता येते. संगणकावरची नोंद दहा वर्षांनी वाचता येईल काय, हे मात्र ती कोणत्या रीतीने साठवली आहे यावर अवलंबून असते. यासाठी मजकूर-संपादक म्हणजे काय, तो त्याच्या मूळ संहितेतून युनिक्स पद्धतीच्या संगणकावर कसा उभारावा आणि त्यात मराठी मजकूर शुद्ध स्वरूपात कसा ठेवावा, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मजकूर आणि त्याचे रूप

संगणक अक्षरे ओळखत नाही; तो केवळ अंक साठवतो. कोणत्या अंकाचा अर्थ कोणते अक्षर, हे ठरवणाऱ्या कोष्टकास संकेतप्रणाली म्हणतात. पूर्वी अनेक ठिकाणी मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे, की फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे अंक साठत आणि पडद्यावर मात्र त्यांच्या जागी देवनागरी आकार दिसत. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावरून निघून गेला की ठरावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरे. अशा फाईलमध्ये शोध घेणे, अकारविल्हे लावणे किंवा तिचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेणे अवघड होते.

या अडचणीवर भारतात दोन महत्त्वाचे उपाय झाले. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा समान कळफलक ठरवण्यात आला, तर १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. १९९१ मध्येच युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या धर्तीवर असल्यामुळे निरनिराळ्या लिप्यांतील समान ध्वनीची अक्षरे आपापल्या गटात एकाच क्रमाने येतात. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, तर गुजराती ‘क’चा २७०९ आहे. दोहोंत ३८४ चे अंतर असून ‘न’ या अक्षराच्या बाबतीतही तेच अंतर आढळते. इनस्क्रिप्ट कळफलकावर तर दोन्ही लिप्यांतील ‘क’ एकाच कळीवर असतो. त्यामुळे नवापूरसारख्या गावी जो विद्यार्थी देवनागरी टंकलेखन शिकेल, त्याला गुजराती टंकलेखनासाठी बोटांची नवी सवय लावावी लागणार नाही.

संपादक आज्ञावलींची परंपरा

मजकूर-संपादक ही सर्वांत साधी व सर्वांत टिकाऊ अशी आज्ञावली होय. ती अक्षरांचा आकार, रंग किंवा समास साठवत नाही. केवळ मजकूर साठवते. म्हणूनच एका संपादकात तयार केलेली फाईल दुसऱ्या कोणत्याही संपादकात उघडते.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून आकारास आली. १९७३ मध्ये तिचा मुख्य भाग सी या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. १९७६ च्या सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. पुढे या संपादकाच्या अनेक प्रतिकृती झाल्या. त्यांपैकी ‘स्टीव्ही’ नावाच्या एका प्रतिकृतीवरून नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी १९८८ मध्ये अमिगा संगणकासाठी काम सुरू केले. १९९१ मध्ये ‘व्हिम’ हा त्यांचा संपादक लोकांस उपलब्ध झाला आणि १९९२ मध्ये तो युनिक्सवर आला. याच १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आज अनेक शाळांतील व कचेऱ्यांतील युनिक्स पद्धतीचे संगणक या लिनक्सवरच चालतात.

वितरणाची पद्धतही येथे समजून घेतली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात ‘शेअरवेअर’ ही पद्धत रूढ झाली. बॉब वॉलेस यांचा ‘पीसी-राईट’ हा १९८३ मधील लेखन-संपादक तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याची प्रत कोणीही कोणालाही द्यावी, वापरून पाहावी आणि उपयुक्त वाटल्यास ७५ डॉलर पाठवून नोंदणी करावी, अशी योजना होती. नोंदणी करणाऱ्यास छापील पुस्तिका व साहाय्य मिळे.

व्हिमने या विचारास वेगळे वळण दिले. मोलेनार यांनी १९९४ मध्ये युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात वर्षभर स्वयंसेवक म्हणून पाणीपुरवठा व स्वच्छतेचे काम केले होते. त्या भागात एड्समुळे अनेक मुले पोरकी झाली होती. परत आल्यावर त्यांनी आपला संपादक ‘दानार्थ आज्ञावली’ म्हणून जाहीर केला. तो कोणीही विनामूल्य वापरावा, त्याच्या प्रती काढाव्यात आणि तो आवडल्यास युगांडातील त्या मुलांसाठी मदत करावी, एवढीच विनंती त्यात आहे. मदत ऐच्छिक आहे; न दिल्यास वापर थांबत नाही. शिवाय त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मोलेनार यांचे निधन झाले. परंतु संहिता खुली असल्यामुळे इतर कार्यकर्त्यांनी काम पुढे चालू ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. कर्त्याच्या पश्चातही साधन टिकले, ही गोष्ट कायमस्वरूपी नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

संहितेतून उभारणी कशासाठी?

तयार आज्ञावली ही दळून आणलेल्या पिठासारखी असते; मूळ संहिता ही धान्यासारखी असते. पीठ लगेच वापरता येते, पण ते जसे दळले तसेच घ्यावे लागते. धान्य मात्र आपल्या गरजेप्रमाणे जाडे वा बारीक दळता येते. सी भाषेतील मूळ संहिता माणसास वाचता येते. यंत्रास ती थेट कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कॉम्पायलर म्हणतात.

बहुतेक लिनक्स वितरणांत व्हिम तयार स्वरूपात मिळतो आणि सामान्य वापरास तो पुरेसा असतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. तथापि तीन प्रसंगी संहितेतून उभारणी करणे इष्ट ठरते. जुन्या संगणकावरील वितरणास नव्या आवृत्त्या मिळेनाशा झाल्या असतील, तर नवी आवृत्ती स्वतः तयार करता येते. संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार नसतील, तर आपल्या खात्यापुरती आज्ञावली बसवता येते. आणि विद्यार्थ्यांस संगणकाचे अंतरंग शिकवायचे असेल, तर याहून चांगले प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

उभारणीच्या पायऱ्या

पुढील सर्व आज्ञा टर्मिनलवर रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यावयाच्या आहेत; येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. कचेरीच्या संगणकावर काम असल्यास संबंधित व्यवस्थापकाची अनुमती आधी घ्यावी.

पहिली पायरी : साधनांची सिद्धता. संगणकावर सी भाषेचा कॉम्पायलर, ‘मेक’ ही आज्ञावली आणि ‘एनकर्सेस’ या ग्रंथालयाच्या विकास-फायली असाव्या लागतात. टर्मिनलच्या पडद्यावर अक्षरे योग्य जागी मांडण्याचे काम हे ग्रंथालय करते. डेबियन व उबुंटू या वितरणांत ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा संच घेतल्यास पहिली दोन साधने एकत्र मिळतात.

दुसरी पायरी : संहिता मिळवणे. ती प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. गावी जोडणी मंद असल्यास तालुक्याच्या ठिकाणी ती उतरवून पेन ड्राइव्हवर आणता येते. संहिता बहुधा ‘टार’ पद्धतीने बांधलेल्या गाठोड्याच्या रूपात असते. ‘टार’ आज्ञेने ते उलगडावे व तयार झालेल्या फोल्डरमध्ये ‘सीडी’ आज्ञेने जावे.

तिसरी पायरी : माहितीपत्रक वाचणे. ‘रीडमी’ नावाची फाईल प्रथम वाचावी. ही पायरी अनेक जण वगळतात आणि पुढे तासभर घालवतात.

चौथी पायरी : ‘कॉन्फिगर’. ही आज्ञा डॉट व स्लॅश ही चिन्हे आधी लावून द्यावी, कारण सुरक्षिततेसाठी युनिक्स आपण उभे असलेल्या फोल्डरात आज्ञा आपोआप शोधत नाही. ‘कॉन्फिगर’ आपल्या यंत्राची तपासणी करते : कोणता कॉम्पायलर आहे, कोणती ग्रंथालये आहेत, कोणत्या सोयी आहेत. या माहितीवरून ती पुढील कामाचा आराखडा लिहिते. ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने आज्ञावली कोठे बसवायची हे सांगता येते. व्यवस्थापकाचे अधिकार नसतील, तर येथे आपल्या खात्यातील ‘लोकल’ नावाचे एखादे फोल्डर द्यावे.

पाचवी पायरी : ‘मेक’. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेली ही आज्ञावली आराखडा वाचून एकेक फाईल कॉम्पायलरकडे पाठवते व शेवटी सर्व तुकडे जोडते. एखादी फाईल नंतर बदलली, तर ‘मेक’ केवळ तिच्याशी संबंधित भागच पुन्हा तयार करते. जुन्या संगणकावर हे काम काही मिनिटे चालेल. पडद्यावरील ओळींच्या रांगा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ‘वॉर्निंग’ हा शब्द असलेल्या ओळी केवळ सूचना असतात. ‘एरर’ या शब्दाने काम थांबल्यासच उपाय करावा लागतो.

सहावी पायरी : चाचणी. ‘मेक टेस्ट’ या आज्ञेने तयार झालेला संपादक ठीक चालतो किंवा नाही, हे तपासले जाते. ही पायरी ऐच्छिक असून तिला वेळ लागतो.

सातवी पायरी : ‘मेक इन्स्टॉल’. या आज्ञेने तयार फायली ठरलेल्या जागी ठेवल्या जातात. सर्वांसाठी बसवायचे असल्यास केवळ या एका पायरीस व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. आधीच्या पायऱ्या नेहमी सामान्य वापरकर्ता म्हणूनच कराव्यात. म्हणजे चुकून यंत्राच्या इतर भागांस धक्का लागत नाही.

नेहमीच्या अडचणी

पहिली अडचण बहुधा चौथ्या पायरीवर येते. टर्मिनलचे ग्रंथालय सापडले नाही, असे सांगून ‘कॉन्फिगर’ थांबते. ‘एनकर्सेस’ आधीच आहे, मग हे कसे, असा प्रश्न तेव्हा पडतो. याचे उत्तर असे की, चालू आज्ञावलींना लागणारे ग्रंथालय आणि नवी आज्ञावली तयार करताना लागणाऱ्या त्याच्या विकास-फायली हे दोन वेगळे संच असतात. दुसरा संच बसवून ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवले की काम पुढे जाते.

दुसरी अडचण बसवणी झाल्यावर दिसते. ‘व्हिम’ ही आज्ञा दिली असता जुनीच आवृत्ती उघडते. युनिक्स आज्ञा शोधण्यासाठी काही ठरावीक फोल्डर क्रमाने पाहतो. या यादीस ‘पाथ’ म्हणतात. नव्या आज्ञावलीचे फोल्डर या यादीत आरंभी जोडावे आणि टर्मिनल नव्याने उघडावे. ‘व्हर्शन’ या पर्यायासह आज्ञा दिल्यास कोणती आवृत्ती चालू आहे आणि तिच्यात कोणत्या सोयी आहेत, हे कळते.

संपादकाचा प्राथमिक वापर

व्हिममध्ये दोन प्रमुख अवस्था असतात. उघडताच तो आज्ञेच्या अवस्थेत असतो. ‘आय’ ही कळ दाबली की लेखनाची अवस्था येते. ‘एस्केप’ कळीने पुन्हा आज्ञेच्या अवस्थेत येता येते. तेथे विसर्गचिन्हासारखे कोलन व त्यापुढे ‘डब्ल्यू’ व ‘क्यू’ ही अक्षरे दिल्यास फाईल जतन होऊन संपादक बंद होतो. मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आज्ञा रोमन अक्षरांच्या असल्यामुळे ‘एस्केप’ दाबल्यावर कळफलकही रोमन करावा लागतो. ‘संपादक ऐकत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने व्हिमची एक सोय मोलाची आहे. लेखन चालू असताना तो त्याच फोल्डरात एक लपलेली पूरक फाईल ठेवतो. साधारणतः २०० अक्षरे टंकित झाली, किंवा ४ सेकंद हात थांबला, की नवा मजकूर या फाईलमध्ये उतरतो. ठराव लिहीत असताना वीज गेली, तरी संगणक पुन्हा सुरू करून तीच फाईल उघडल्यावर व्हिम या पूरक फाईलची सूचना देतो व मजकूर परत मिळवण्याचा पर्याय पुढे ठेवतो. परत मिळालेला मजकूर तपासून जतन करावा आणि मगच पूरक फाईल काढून टाकावी.

देवनागरीची परीक्षा

उभारलेला संपादक मराठीसाठी योग्य आहे किंवा नाही, हे एका सोप्या प्रयोगाने पाहता येते. नव्या फाईलमध्ये ‘नवापूर’ हा एकच शब्द लिहून ती जतन करावी. युनिकोडच्या दृष्टीने या शब्दात न, व, काना, प, दीर्घ उकार व र अशी ६ चिन्हे आहेत. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. म्हणून शब्दाचे १८ बाइट होतात. ओळीच्या शेवटाचे एक चिन्ह धरून फाईल १९ बाइटांची होते. ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेस ‘सी’ पर्याय दिल्यास १९ आणि ‘एम’ पर्याय दिल्यास ७ हा आकडा मिळाला पाहिजे. दोन्ही वेळी १९ मिळाल्यास संगणकाची भाषाविषयक मांडणी यूटीएफ-८ नाही, असे समजून ती प्रथम दुरुस्त करावी.

दुसरा प्रयोग मराठीच्या खास अक्षरांचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. या दोन शब्दांतील भेद रफार कसा लिहिला यावर आहे. साध्या ‘र’चा क्रमांक २३५२ असून ‘ऱ’चा २३५३ आहे. तथापि काही कळफलक ‘ऱ्या’ लिहिताना साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु शोध घेताना एक रूप दिले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराची गोष्ट अशीच आहे. त्यास २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यापूर्वीच्या फायलींत ते ‘अ’ व अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले आढळू शकते. मतदारांच्या वा लाभार्थ्यांच्या यादीत एखादे नाव ‘नाही’ असे उत्तर येते, तेव्हा ते खरोखर नसते की दुसऱ्या रूपात लिहिलेले असते, हे पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये. व्हिममध्ये अक्षरावर जाऊन आज्ञेच्या अवस्थेत ‘जी’ व ‘ए’ या कळा ओळीने दाबल्यास त्या अक्षराचे व त्यास जोडलेल्या मात्रांचे क्रमांक खाली दिसतात. अशा संशयित नावाची तपासणी त्यावरून क्षणात होते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. व्हिम पडद्याची समान चौकटींत विभागणी करतो. देवनागरी जोडाक्षरे अशा चौकटींत नेहमी नीट बसत नाहीत. काही टर्मिनलांवर ती तुटक दिसतात. मात्र हा दोष केवळ दिसण्याचा आहे. फाईलमधील मजकूर शुद्धच राहतो आणि अन्य आज्ञावलीत तो योग्य रीतीने उमटतो. छपाईसाठी सुबक मांडणी करणे हे संपादकाचे काम नव्हे. त्यासाठी वेगळी साधने वापरावीत.

शाळा व पंचायतीस उपयोग

शिक्षकांना या पाठाचे तीन भाग करता येतील. पहिल्या दिवशी संकेतप्रणाली व ‘नवापूर’ शब्दाचा प्रयोग, दुसऱ्या दिवशी उभारणीच्या पायऱ्या आणि तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लेखन. लेखनासाठी परिसरातील बोलीचे शब्द घ्यावेत : पिकांची, झाडांची, पाणवठ्यांची व अवजारांची नावे. प्रत्येक ओळीत एक शब्द व त्यापुढे मराठी अर्थ, एवढी मांडणी पुरे. अशी यादी अकारविल्हे लावता येते, दुसऱ्या गावच्या यादीशी ताडून पाहता येते आणि पुढे शब्दकोशास आधार ठरते.

पंचायतींनी ठरावांची अधिकृत नोंद विहित नमुन्यात व विहित प्रणालीवर ठेवणे आवश्यकच आहे. त्याशिवाय मजकुराची एक साधी युनिकोड प्रत स्वतंत्रपणे जतन करावी, फाईलच्या नावात वर्ष, महिना व दिनांक द्यावा आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. एवढ्या काळजीने कोणत्याही एका यंत्रावर, फॉन्टवर वा विक्रेत्यावर अवलंबून राहण्याची पाळी येणार नाही.

ज्या संस्थेस आपले साधन उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते व पुन्हा उभारता येते, तिच्या नोंदी तिच्याच ताब्यात राहतात. ग्रामसभेने आज केलेला ठराव उद्याच्या पिढीस मराठीत, जसाच्या तसा वाचता यावा, यासाठी या विद्येचा परिचय गावोगावच्या शाळांतून व कचेऱ्यांतून होणे अगत्याचे आहे.